चमच्याएवढा खटका

लीलंड स्ट्रूपच्या हाताखालून गेलेली बंदूक अडकत नाही, असं लीलंड स्ट्रूपचंच म्हणणं होतं. टल्सा शहराबाहेरच्या नेमबाजी क्लबात कॉफीच्या थर्मासशेजारी उभा राहून तो ते दर मॅचला एकदा तरी ऐकवायचा. मार्चमध्ये त्याने जरा जास्तच ऐकवलं. कुणीतरी आपल्या रायफलीला सेफ्टीचा, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून लावतात तो, नवा खटका बसवून आणला होता, चांगला अंगठ्याच्या पेराएवढा, आणि सगळे त्याचं कौतुक करत होते. लीलंडने चष्मा कपाळावर चढवून तो खटका बघितला आणि म्हणाला, "ज्याचा स्वतःच्या अंगठ्यावर भरवसा नाही, त्याने बंदुकीला दाराची कडी लावावी. माझा अंगठा अजून सुईत दोरा ओवतो." लोक हसले. क्लबाचा पंच ड्युएन पिकेट, जो लीलंडबरोबर शाळेत होता आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक वाक्यावर शेरा मारत आला होता, तो म्हणाला की मग माझ्या पँटचं बटण लावून दे, दोन आठवडे लटकतंय. त्यावरही लोक हसले. आणि सोमवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये लीलंडने सातव्या मजल्याचं बटण दाबलं तर पाचव्याचा दिवा लागला. त्याने परत दाबलं, सहावा लागला. मागे हिशेब खात्यातल्या एक बाई डोनटचा खोका घेऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "आज सगळी बिल्डिंग दाखवणार वाटतं." लीलंड हसला, अंगठा मुठीत धरून हसला. पाचव्यावर दार उघडलं, समोर कोरा कॉरिडॉर, एक कुंडी, कुणी नाही. दार मिटलं. सहाव्यावर उघडलं, तिथेही कुणी नाही. मुठीतला अंगठा पकडलेल्या उंदराच्या पोटासारखा थरथरत होता, आणि तो आपला नाही, कुणीतरी आपल्या हातात धरायला दिलाय आणि परत न्यायला विसरलंय, असं त्याला वाटलं.

त्याचं काम गॅसच्या पाइपलाइनचे नकाशे काढायचं. पूर्वी शाईने, आता कॉम्प्युटरवर. शाईचे दिवस असते तर ही गोष्ट कुणाच्याही आधी कागदाला कळली असती. कॉम्प्युटर मात्र सभ्य, तो रेघ आपली आपण सरळ करून देतो. लीलंड शेजारच्या गावातल्या डॉक्टरकडे गेला, कारण टल्सातल्या निम्म्या डॉक्टरांबरोबर त्याने कधी ना कधी मॅच मारली होती. डॉक्टरने त्याला कागदावर गोगलगाईच्या पाठीसारखं एक चक्र काढायला सांगितलं. लीलंडने काढलं. दोघांनी ते बराच वेळ बघितलं. ती हुबेहूब टल्साची आर्कान्सा नदी होती, वळणं, बेटं, वाळूचे बांध, सगळ्यासकट. डॉक्टर म्हणाला, हा हाताचा कंप वाढत जाणार, गोळ्यांनी थोडं धिमं होईल, कॉफी सोडा. घरी आल्यावर लीलंडने सगळ्यात आधी कॉफी केली. ती दोन्ही हातांनी प्याला. मग गॅरेजमध्ये गेला, टेबलावरचा दिवा लावला, आणि जे काम त्याला आयुष्यभर उत्तम जमत आलं होतं त्याला लागला. त्याने बंदुका बदलायला घेतल्या.

हा खेळ तीन बंदुकांचा. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन. टायमर वाजला की धावायचं, एकीने पुठ्ठ्याची आणि लोखंडाची लक्ष्यं मारायची, ती बंदूक सेफ्टी लावून पिंपात उभी सोडायची, पुढे पळायचं, दुसरी उचलायची. पळता पळता काडतुसं भरायची. सगळं एका मिनिटाच्या आतबाहेर संपतं, नाही संपलं तर पंच वेळ संपली म्हणून थांबवतो, आणि त्या मिनिटासाठी माणसं वर्षभर गॅरेजमध्ये बसतात, कानस घासतात, स्प्रिंगा बदलतात, एका चापासाठी बायकोशी अबोला धरतात. लीलंडला ते मिनिट कधीच फार आवडलं नव्हतं, त्याला वर्ष आवडायचं. बंदुकीत एखादी गोष्ट खटकली की तिचं कारण असतं, कारण सापडतं, आणि सापडलं की घासून काढता येतं. माणसांचं तसं नाही. लोरेटाचं, त्याच्या बायकोचं, तसं झालं नव्हतं. तिच्या डोक्यातली एक शीर तुटली आणि पुढची चार वर्षं ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिली. मुलगी कोरीन विचिटाहून नोकरी सोडून आली आणि आईला चमच्याने भरवत राहिली. लीलंड गॅरेजमध्ये असायचा. चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज भिंतीतून यायचा, आणि तो दिव्याखाली एखादी स्प्रिंग उजेडात धरून बघत बसायचा. आई गेल्यावर कोरीन परत विचिटाला गेली, पण महिन्यातल्या एका शनिवारी मॅचला येऊ लागली. बापलेकीत दुसरं बोलणं नव्हतंच. चाप किती हलका, काडतूस कुठल्या कंपनीचं, वारा कुठून. एकदा मॅचहून येताना, दोघं पिकअपमध्ये बर्गर खात असताना, ती खिडकीबाहेर बघत सहज म्हणाली, "डॅडी, परत कुणाला चमच्याने भरवायची वेळ आली ना, तर मी पळून जाईन. खरं सांगते. अलास्काला." लीलंड म्हणाला, अलास्कात थंडीने स्प्रिंगा कडक होतात. ती हसली. त्या हसण्याला आता पाच वर्षं झाली होती आणि ते त्याच्या डोक्यात अजून पिकअपच्या रेडिओसारखं चालू होतं.

म्हणून हात दिसता कामा नये. एवढंच होतं. बाकी सगळं त्याच्यातून निघालं. हात हलला की नळी हलते, म्हणून त्याने ट्रकच्या चाकांना लावतात ते शिशाचे तुकडे रायफलीच्या नळीखाली चिकटवले. जड वस्तू कमी हलते. क्लबात त्याने सांगितलं, धक्का कमी बसतो. लगेच दोघातिघांनी आपल्या धडधाकट हातातल्या रायफलींना शिसं चिकटवलं, आणि त्या महिन्यात सगळ्यांचे निकाल घसरले. लीलंडचा खांदा दुखायला लागला. मग दस्ता हलका केला, तर बंदूक नाकावर पडायला लागली. चाप ओढताना बोट थरथरतं म्हणून चाप हलका केला, तर लीलंडचं मत बनायच्या आधीच बंदूक आपलं मत देऊन मोकळी होऊ लागली. मग परत जड केला. गोळ्यांचं मॅगझिन भोकात नीट जात नाही म्हणून पिस्तुलाच्या मुठीला खाली नरसाळं बसवलं. मॅगझिन सोडायचं बटण सापडत नाही म्हणून ते कोटाच्या बटणाएवढं केलं. जुलैच्या मॅचला टायमर वाजण्याची वाट बघत लीलंड खुर्चीवर बसला होता, तेव्हा त्या बटणावर त्याचं पोट टेकलं. टायमर वाजला, लीलंडने झोकात पिस्तूल काढलं, आणि मॅगझिन त्याच्या बुटावर पडलं. ते उचलेपर्यंत दुसरं कमरेवरून पडलं. शॉटगनमध्ये एका मुठीत चार-चार काडतुसं भरण्याबद्दल तो एके काळी तीन काउंट्यांत प्रसिद्ध होता. आता ती बोटांतून सांडत राहायची. ड्युएन मागून येत म्हणाला, "पेर, पेर लीलंड. पुढच्या वर्षी इथे बाग होईल." लीलंडने वयाला, घामाला, नव्या चष्म्याला शिव्या दिल्या. घरी आल्यावर त्याने प्रत्येक गोष्ट अजून थोडी मोठी केली. टेबलावर त्या तीन बंदुका शेजारी शेजारी ठेवल्यावर त्याला त्या बघवेनात. सगळीकडे बटणं, कड्या, दांड्या, नरसाळी. बाळाच्या पाळण्यावर टांगतात तसली खेळणी वाटत होती ती, फक्त काळी.

उन्हाळ्यात त्याने कोरीनची शॉटगनही दुरुस्तीला घेतली. ती म्हणाली होती, बंदुकीच्या पोटाच्या बाजूने भरताना काडतूस आत जाताना अंगठ्याला चावतं, तोंड जरा रुंद करून दे. हे काम त्याने शंभर वेळा केलं असेल. कानस धरली, हळू घासत गेला, आणि शेवटच्या एका हाताला कानस घसरली. फार नाही. कडेला एक ओरखडा, केसाएवढा, आणि त्याच्या टोकाशी धातूची एक बारीक जीभ. त्याने ती पॉलिश केली. दिव्याखाली धरली, परत पॉलिश केली. बोट फिरवून बघितलं, पण त्या बोटाला आता सगळंच थरथरताना लागायचं, तेव्हा त्याच्या साक्षीला अर्थ नव्हता. काडतुसं घालून बघितली, गेली. अडकत नाही, असं तो एकटाच गॅरेजमध्ये मोठ्याने म्हणाला.

कोरीनने ऑगस्टमध्ये फोनवर सांगितलं की आता शनिवारी झोपावंसं वाटतं. गुडघेही कुरकुरतात. ऑक्टोबरच्या मोठ्या मॅचमध्ये बायकांच्या गटात पहिली आले तर वसंतात राष्ट्रीय स्पर्धेला जायला मिळेल, मग हिवाळाभर दर शनिवार-रविवार तुझ्याकडेच सरावाला येईन. नाही आले तर बस झालं, डॅडी, बंदुका विकून टाकते. लीलंड म्हणाला, बरं. फोन ठेवल्यावर त्याने पाहुण्यांच्या खोलीतली गादी उलटी केली, सुलटी केली, परत उलटी केली. एक हिवाळा. त्याला त्याहून जास्त काही नको होतं. हिवाळ्यात हातमोजे असतात, हात दिसत नाहीत. गॅरेजमध्ये हीटर लावून दोघं बसतील, ती काडतुसं भरेल, तो बाजूला बसून चुका काढेल, आणि वसंतापर्यंत कुणी कुणाला काही विचारणार नाही.

मॅचच्या आधीच्या आठवड्यात त्याने रायफलीचा सेफ्टीचा खटका बदलला. जुना आता सापडतच नव्हता, अंगठा त्याच्याभोवती माशीसारखा घिरट्या घालायचा. नवा त्याने स्वतः पितळेच्या तुकड्यातून कापला, घासला, काळा केला. लांब, पसरट, दोन्ही बाजूंना. बसवून झाल्यावर तो मागे सरून बघत राहिला. चमच्याएवढा होता. आकारही तोच, खोलगट. मार्चमधलं आपलंच बोलणं त्याला आठवलं आणि त्याने बंदूक खोळीत घातली. कुणाला दाखवली नाही.

ऑक्टोबरच्या त्या सकाळी वारा सुटला होता आणि तांबडा चिखल बुटांना जोडे घातल्यासारखा चिकटत होता. कोरीन आदल्या संध्याकाळीच आली होती. सकाळी तिने अंडी केली आणि बापाची टोस्टला लोणी लावायची सुरी आपल्याकडे ओढून घेतली. घाई आहे, म्हणाली. पहिल्या फेऱ्यांमध्ये ती अशी मारत होती की ड्युएनने शेरे मारायचं सोडून दिलं. तिच्या पुढे एक डॅलसची बाई होती, जेमतेम पुढे. लीलंडही बरा चालला होता. मग त्यांची शेवटून दुसरी फेरी आली. टायमर वाजला. लीलंडने रायफलीने लांबची लोखंडी ताटं पाडली, एकेक, शिशाच्या वजनाने खांदा कळवळत होता पण नळी स्थिर होती, आणि त्याला क्षणभर वाटलं की हात परत आला. तो पिंपापाशी धावला, अंगठ्याने चमचा दाबला, कानावरच्या इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षकांतून 'टक्' असा आवाज स्वच्छ आला. बाराचे मोठे आवाज गिळायचे आणि बारीक आवाज मोठे करून सांगायचे, हेच त्या यंत्राचं काम. त्याने रायफल पिंपात सोडली. पिंपाच्या कडेला आतून जुन्या गालिच्याचा तुकडा ठोकलेला असतो, बंदुकींना ओरखडे पडू नयेत म्हणून. परत एक 'टक्' आलं, जरा दबकं. प्रतिध्वनी असेल असं वाटून तो पुढे पळाला. पिस्तूल काढायच्या आत मागून ड्युएनचा आवाज आला, थांब. ड्युएनने पिंपात वाकून बघितलं, परत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग तो आवाज न चढवता म्हणाला, "सेफ्टी लागलेली नाही, लीलंड. तुझी मॅच संपली."

लीलंडला सगळं एका क्षणात कळलं. त्याने सेफ्टी लावली होती. हाताने या वेळी काही चूक केली नव्हती, बिचाऱ्याने आयुष्यातलं एक काम चोख केलं होतं. चमचा गालिच्याच्या कडेत अडकला आणि उलटा फिरला. जुना छोटा खटका असता तर गालिच्याला सापडला नसता. तो हे सांगू शकत होता. दाखवू शकत होता. मग कुणीतरी विचारलं असतं की तू, लीलंड स्ट्रूप, एवढा मोठा खटका कशाला लावलास. आणि कोरीन तिथे उभी होती, हातात त्याची पाण्याची बाटली घेऊन. तेव्हा तो म्हणाला, विसरलो. पन्नाशीनंतर माणसं विसरतात. "विसरलो," तो परत म्हणाला, आणि निर्दोष माणसाला गुन्हा कबूल करताना लागतं तसलं एक हलकं, मोकळं हसू त्याच्या तोंडावर आलं. ड्युएनने त्याच्या पाठीवर थाप मारली. कोरीनने बाटली पुढे केली आणि झाकण आधीच सैल केलेलं होतं.

बाद झालेला माणूस घरी जात नाही, अशी तिथली रीत. जो जातो तो रुसला असं म्हणतात, आणि वर्षभर त्याच्या कॉफीत कुणी साखर घालत नाही. बाद झालेला राहतो, उरलेल्यांची लक्ष्यं उभी करतो, आणि पुठ्ठ्याला पडलेल्या भोकांवर खाकी टिकल्या चिकटवतो, म्हणजे पुढच्याला कोरा पुठ्ठा मिळतो. पंच आधी भोकं मोजतो, मगच टिकल्या. लीलंडने टिकल्यांचा रोल कमरेला अडकवला. रोलवरून टिकली सोलायची म्हणजे नखाच्या टोकाचं काम. त्याची पहिली टिकली बोटाला चिकटली, दुसरी पहिलीला, तिसरी कपाळावर. कुणी बघत नव्हतं. किंवा सगळे बघत नव्हते, म्हणजे ठरवून. दुपारभर तो टिकल्या लावत फिरला, वाकड्या, दुहेरी, भोकाच्या शेजारी. पुठ्ठ्यांना कांजिण्या आल्यासारख्या दिसायला लागल्या. हे काम त्याला आवडू लागलं. चुकलं तर वरून दुसरी लावायची. आयुष्यात असं फार कमी असतं, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं आणि लगेच त्याची त्याला लाज वाटली.

शेवटची फेरी कोरीनची. डॅलसची बाई आधीच मारून बसली होती, चांगलं मारलं होतं. टायमर वाजला आणि कोरीन अशी निघाली की लीलंड टिकल्या विसरला. रायफल, पिंप, खटका, तिचा छोटा साधा खटका. पिस्तूल, पळता पळता, प्रत्येक पुठ्ठ्यावर दोन, मोजून दोन. मग शॉटगन. चार काडतुसं एका मुठीत, त्याची जुनी मूठ, त्यानेच शिकवलेली, आत, आत, आणि शेवटचं ताट पडलं. मागे कुणीतरी लांब शीळ घातली. ड्युएनने टायमर बघितला आणि तो कोरीनला दाखवला. ती आली होती. पहिली आली होती, फक्त भोकं मोजायची राहिली होती. बंदुका रिकाम्या झाल्या, मैदान मोकळं म्हणून हाक आली, आणि सगळे पुढे निघाले. लीलंड पलीकडच्या टोकाने निघाला. ड्युएन आणि कोरीन अलीकडच्या टोकापासून मोजत येत होते, बरेच लांब, बोलत. कानावरचं यंत्र काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. ड्युएनचा आवाज त्याच्या डोक्याच्या मधोमध आला, कानात कुजबुजल्यासारखा: "तुझ्या बापाचं मला कळत नाही बघ. त्याने सेफ्टी लावलेली मी डोळ्यांनी पाहिली. तो खटका बघितलास का? कालवणाची पळी आहे ती. वर म्हणतो, विसरलो."

"राहू दे," कोरीन म्हणाली. "त्याच्या हाताचं मला ईस्टरपासून माहीत आहे. त्याला कळू देऊ नकोस."

मग नुसती पावलं, चिखलातली. मग परत तिचा आवाज, जरा दमलेला. "मी एकदा त्याला काहीतरी बोलून गेले होते, आई गेल्यावर. तो ते धरून बसलाय. त्याच्या आजारपणासाठी आले तर मला घरात राहू देणार नाही तो. सरावाला म्हणून आले तर देईल. म्हणून तर हे सगळं, ड्युएन. माझ्या गुडघ्यांना काय हौस आहे?"

लीलंड पुठ्ठ्यासमोर उभा होता. वारा यंत्रात घोंघावत होता आणि त्याच्यातून चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज येत होता, तो पूर्वीचा, भिंतीपलीकडचा. हीटर लावलेलं गॅरेज त्याला दिसलं, दोघं बसलेले, ती त्याच्याकडे न बघता बघतेय, तो तिला न दाखवता दाखवतोय. हातमोज्यांची गरज नव्हती. इतके महिने गरज नव्हती. शिसं, नरसाळं, कोटाचं बटण, सगळं एका प्रेक्षकासाठी, आणि त्या प्रेक्षकाने पडद्यामागून दोरी धरलेली. त्याला हसू आलं असावं, कारण ओठ हलले. त्याचे हात मात्र दुपारभर जे करत होते तेच करत होते. टिकली सोलत होते, लावत होते. त्या वेळी, कोण जाणे का, ते बिलकूल थरथरत नव्हते. टिकल्या भोकांवर नेमक्या मधोमध बसत होत्या, एकावर एक नाही, वाकडी नाही. तो शेवटच्या पुठ्ठ्यावरून दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. सुंदर काम होत होतं.

"डॅडी," कोरीनचा आवाज आला. या वेळी यंत्रातून आणि बाहेरून, दोन्हीकडून.

ड्युएन कोऱ्या खाकी पुठ्ठ्यासमोर उभा राहिला. त्याने एक टिकली नखाने उचकटून बघितली. खाली भोक होतं. शेजारची उचकटली, खाली भोक होतं, पण ते सकाळचंही असू शकत होतं. सगळ्या पुठ्ठ्यांना सकाळपासूनची भोकं होती, आणि सगळ्यांवर त्याच खाकी टिकल्या. न मोजता बुजवलेली भोकं मोजता येत नाहीत. मोजता आली नाहीत तर फेरी परत मारायची, आधीची धरायची नाही. नियम तसा आहे आणि तो सगळ्यांना पाठ आहे. ड्युएनने टोपी काढली, परत घातली. "लीलंड, अरे," तो म्हणाला. डॅलसची बाई लांब उभी राहून बुटाचा चिखल काढत होती, अगदी मन लावून. कोरीनने बापाच्या कमरेचा टिकल्यांचा रोल सोडवला आणि आपल्या खिशात घातला. मग तिने त्याच्या कानांवरून ते यंत्र उचललं, त्याचा हिरवा दिवा चालू आहे हे बघितलं, आणि दिव्याकडून त्याच्याकडे बघितलं.  दिवा बंद करून तिने ते परत त्याच्या कानांवर बसवलं, टोपी नीट केली, आणि सुरुवातीच्या रेघेकडे चालत गेली.

सगळ्यांनी मिळून लक्ष्यं परत उभी केली. लीलंडला मागे खुर्चीत बसवलं होतं, मांडीवर कुणीतरी जाकीट टाकलं होतं. टायमर वाजला तो त्याला नीट ऐकू आला नाही. कोरीनने रायफलीने ताटं पाडली, सेफ्टी लावून ती पिंपात सोडली. पिस्तुलाने पुठ्ठ्यांवर दोन-दोन मारल्या. शॉटगन उचलली, कमरेवरून चार काडतुसं एका मुठीत घेतली. पहिली दोन आत गेली. तिसरं तोंडाच्या कडेला अडकलं. तिने अंगठ्याने रेटलं, ते गेलं नाही. तिने दस्ता मांडीवर आपटला. काडतूस तसंच राहिलं, अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि ड्युएनने वेळ संपल्याची खूण केली.